कमी दिवसाच्या लेकराचं नर्सिंग डायग्नोसिस: ‘रिलेटेड टू’च्या पुढे काय लिहायचं

पोस्टिंगला नव्या पोरी आल्या की पहिल्याच दिवशी मी त्यांच्या केअर प्लॅनच्या वह्या घेऊन बसते. दहा वह्या उघडल्या तर आठांत पहिली ओळ एकच: ‘रिस्क फॉर हायपोथर्मिया रिलेटेड टू प्रीमॅच्युरिटी’, म्हणजे कमी दिवसाचं असल्यामुळं बाळ गार पडायचा धोका. अक्षर निराळं, शाई निराळी, बाळ निराळं, ओळ तीच. मागच्या बॅचची वही पुढच्या बॅचच्या हाती, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. मग मी एकीला विचारते, ‘‘तुझं बाळ कोणतं?’’ ती चार नंबरचा वॉर्मर, म्हणजे वरून ऊब देणारा पाळणा, दाखवते. ‘‘पायाला हात लावून पाहिला का त्याच्या?’’ पोरगी वहीकडे पाहते.

मी त्यांना हसत नाही, मीही तशीच होते. नोकरीची २३ वर्षं झाली, त्यातली १३ एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, सगळी वऱ्हाडातच. डायग्नोसिसच्या त्या एका ओळीवरून पुढच्या तासाभरात आपले हात कुठं जाणार हे ठरतं, एवढं कळायला मला एक वाईट रात्र लागली. ती सांगतेच, पण आधी मुळाक्षरं.

फाइलवर डॉक्टर लिहितात: ३१ आठवडे, १४०० ग्रॅम, आरडीएस (कच्च्या फुप्फुसांमुळं श्वासाचा त्रास). ते त्यांचं निदान. सीपॅप (नाकातून दाबानं हवा) लावायचा, सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) द्यायचं, श्वासासाठी कॅफिन सुरू करायचं, ते ठरवतील. ते निदान बाळाची सुट्टी होईपर्यंत फाइलवर तसंच राहतं. आपलं निदान एका शिफ्टमध्ये दोनदा बदलतं. आठ वाजता बाळ गार होतं आणि दहा वाजता गरम झालं, की आठची ओळ दहाला शिळी. या निदानांची यादी करायला अमेरिकेतल्या नर्सेसनी १९७३ मध्ये सेंट लुईसच्या परिषदेत सुरुवात केली. तीच पुढे ‘नांडा’ म्हणून आपल्या सिलॅबसमध्ये आली. आज तिच्यात दोनशेच्या वर नावं आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही. कमी दिवसाच्या बाळाला आठ-दहा पुरतात.

लिहायचं इंग्रजीत असलं तरी आधी मनात मराठीत बोला. काय झालं? कशामुळं? कशावरून म्हणतेस? हेच ते प्रॉब्लेम, रिलेटेड टू आणि ॲज एव्हिडन्स्ड बाय. ‘कशावरून’मध्ये फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं टाकायचं, वाटलेलं नाही. निदान ‘रिस्क फॉर’चं असेल तर तिसरा तुकडा नसतोच, कारण अजून काही झालेलं नसतं. आणि झालेलं असताना ‘रिस्क’ लिहिणं म्हणजे घरात पाणी शिरल्यावर पावसाचा अंदाज वाचत बसणं.

सगळी गोम मधल्या तुकड्यात आहे. ‘कशामुळं’च्या पुढे असं कारण हवं जिथं माझा हात पोचतो. प्रीमॅच्युरिटीचं मी काय करणार? राहिलेले दोन महिने काही परत पोटात भरता येत नाहीत. पण नॅपी ओली आहे, एसीचा झोत थेट तीन नंबरवर येतोय, वजन करताना काट्यावर कापड टाकलेलं नव्हतं, याचं मी करू शकते. आत्ता, या मिनिटाला.

आता ती रात्र. डिसेंबर होता, मी एसएनसीयूत नवीन होते. १४०० ग्रॅमच्या आसपासची मुलगी, रेडियंट वॉर्मरवर. स्क्रीनवर स्किन टेंपरेचर ३६.६, सगळं ठीक. मी सीनियरच्या वहीतली वरची ओळ उतरवून काढली आणि दुसऱ्या बाळाकडे वळले. अडीचच्या सुमारास तिचा श्वास थांबायला लागला. एकदा तळव्याला टिचकी मारली, घेतला. पंधरा मिनिटांनी पुन्हा थांबला. डॉक्टरांना बोलावलं, ॲप्निया ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे कमी दिवसाचं म्हणून श्वास मध्येच थांबतोय, असं धरून पुढची तयारी सुरू झाली. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी काही न बोलता हाताच्या मागच्या बाजूनं तिचा पाय पाहिला, मग पोट पाहिलं. दोन्ही गार. काखेत थर्मामीटर: ३५.६. मग त्यांनी बाळाच्या पाठीखाली बोटं घातली आणि प्रोब, म्हणजे वॉर्मरला बाळाचं तापमान कळवणारी तार, बाहेर काढला. पोटावर चिकटवलेला प्रोब सुटून पाठीखाली गेला होता. गादी आणि पाठ यांच्यामध्ये त्याला ऊब मिळत होती, मशीनला वाटत होतं बाळ गरम आहे, म्हणून मशीन वरून ऊब कमी कमी करत गेलं. पोरगी उघडी पडून गार होत होती आणि मी ‘रिस्क’ लिहून मोकळी झाले होते.

ती वाचली. पण तेव्हापासून माझी ओळ अशी असते: ‘हायपोथर्मिया, प्रोब पाठीखाली सरकल्यामुळं आणि नॅपी ओली राहिल्यामुळं, काखेतलं तापमान ३५.६, पाय आणि पोट दोन्ही गार, तासात दोनदा ॲप्निया.’ ही ओळ वाचल्यावर काय करायचं ते वेगळं लिहावं लागत नाही. प्रोब पोटावर उजवीकडे, यकृताच्या जागी, कोरड्या कातडीवर चिकटवायचा. नॅपी बदलायची, टोपी-मोजे घालायचे, अर्ध्या तासानं पुन्हा काखेत मोजायचं आणि साखर तपासायची. गारठलेलं बाळ अंगातली साखर आणि ऑक्सिजन दोन्ही जाळत असतं. त्याला आपल्यासारखी कापरी भरत नाही, आणि ऊब देणारी तपकिरी चरबी साठायच्या आतच ते बाहेर आलेलं असतं.

आकडे पाठच करा: काखेत ३६.५ ते ३७.५ नॉर्मल. ३६ ते ३६.४ म्हणजे कोल्ड स्ट्रेस. पोट गरम, पाय गार. ३२ ते ३५.९ मध्यम हायपोथर्मिया, दोन्ही गार. त्याखाली गंभीर. ऊब चार वाटांनी जाते: ओलेपणातून, गार वस्तूला टेकून, वाऱ्यानं, आणि जवळच्या गार भिंतीकडे न टेकताही. तुमचं ‘कशामुळं’ या चारांपैकी एका वाटेवर सापडतं.

आपल्याकडे मे महिना येतो तेव्हा हेच निदान उलटं फिरतं. बाहेर ४५. सुट्टी होऊन गेलेलं बाळ चौथ्या दिवशी परत येतं, अंग तापलेलं, काखेत ३८.२. आजीनं स्वेटर, वर कानटोपी, वर गोधडी, आणि घर टिनाचं. ‘‘दवाखान्यातूनच सांगतलं ना बाई, लेकराले ऊब द्या म्हणून.’’ तिचं काय चुकलं? आम्हीच डिसेंबरचं पाठ केलेलं वाक्य मे महिन्यात सांगितलं होतं. बाळाला मोकळं करा, सावलीच्या गार खोलीत न्या, दूध पाजा, अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा मोजा. तरी ताप उतरला नाही, बाळ सुस्त आहे, ओढत नाही, तर तो जंतुसंसर्ग समजून डॉक्टरांना लगेच दाखवायचं. ‘सगळं उन्हामुळंच’ ही ओळसुद्धा उतरवून काढलेलीच असते.

श्वासाचं थोडं बारकाईनं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण कमी दिवसाचं बाळ लयीत श्वास घेतच नाही. पाच-दहा सेकंद थांबतं, मग भरभर घेतं, रंग बदलत नाही: याला पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात, घाबरू नका. २० सेकंदांच्या वर थांबलं, किंवा कमी वेळ थांबून ठोके १०० च्या खाली गेले, निळं पडलं, तर तो ॲप्निया. मग ‘कशामुळं’ची फेरी: मान पुढे वाकली का? (या बाळांचं डोकं मागून मोठं असतं, सपाट ठेवलं की हनुवटी छातीला लागते आणि वाट बंद होते. खांद्याखाली कापडाची पातळ घडी.) नाकात चिकट आहे का? आत्ताच नळीनं दूध दिलं का? गार आहे का? साखर ४५ च्या खाली आहे का? पाचही पाहून झाले आणि काहीच सापडलं नाही, तरच वहीत ‘श्वासकेंद्र अपक्व असल्यामुळं’ लिहायचा हक्क तुम्हाला. कॅफिन देतील डॉक्टर. मान सरळ करणं आपलं.

कष्ट किती आहेत ते शब्दात लिहू नका. ‘खूप ओढतंय’ म्हणजे किती? सिल्व्हरमन स्कोअर लावा. छातीचा वरचा भाग, खालच्या फासळ्या, मधलं हाड, नाकपुड्या, कण्हण्याचा आवाज; प्रत्येकाला ०, १ किंवा २. जन्मल्याबरोबर बाळाला देतात त्या ॲप्गार गुणांच्या उलट, इथं जास्त म्हणजे वाईट. रात्रीच्या सिस्टरला ‘दहाला ६ होता, बाराला ४ झाला’ हे कळतं. ‘खूप’चं काहीच कळत नाही.

ऑक्सिजनबद्दल नातेवाइकांचा एकच आग्रह: वाढवा. काचेबाहेरून त्यांना ९२ दिसतं आणि १०० का नाही म्हणून जीव तुटतो. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसाच्या बाळाला ९० ते ९५ पुरतं. सतत ९८-१०० ठेवलं तर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. वरचा अलार्म ९५ ला लावा आणि तो वाजला की बंद करायच्या आधी ऑक्सिजन कमी करा. खालचा अलार्म वाजला की सगळे धावतात, वरच्याला कुणी उठत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

त्वचा आणि जंतुसंसर्ग यांवर पानं भरतात पोरी, मी दोन ओळीत आटोपते. सीपॅपचे प्रॉंग्ज (नाकपुडीतल्या आखूड नळ्या) नाकाच्या पडद्याला टेकत असतील तर ‘त्वचेला इजा होण्याचा धोका, प्रॉंग्ज पडद्याला टेकल्यामुळं’ लिहा आणि मध्ये थोडी फट राहील असे लावा, दर शिफ्टला नाक उघडून पाहा. जंतुसंसर्गाचं ‘कशामुळं’ म्हणजे बहुतेक वेळा आपले हात; बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून कोपरापर्यंत धुतलेले नसलेले. ते वहीत लिहायला कुणाला आवडत नाही.

दुधाकडे येते, कारण इथं सगळ्यांत जास्त चुकीची निदानं होतात. ओढणं, गिळणं आणि श्वास ही तिन्ही कामं जुळायला साधारण ३४ आठवडे लागतात. ३२ ते ३४ मधल्याला वाटी-चमचा किंवा बोंडलं. ट्रेनिंगला ज्याला पलाडाई म्हणतात ते म्हणजे आपल्या आजीच्या फडताळातलं बोंडलंच, उकळून घेतलेलं. त्याच्या आधीच्याला नळी: नाकाच्या मुळापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजून खूण करायची. ३३ आठवड्यांचं बाळ बोंडल्यानं पिताना निळसर झालं तर ‘इनइफेक्टिव्ह फीडिंग रिलेटेड टू इमॅच्युअर सक’ (ओढणं कच्चं म्हणून नीट पीत नाही) असं छापील लिहू नका. पाहा की त्याच्या आधी अर्ध्या तासात त्याचं काय काय झालं. परवा एकाचं वजन केलं, टाचेतून रक्त घेतलं, नॅपी बदलली आणि लगेच बोंडलं लावलं. दमलेल्या बाळाला आपणही दमवतो. बोटं ताणून पसरली, उचकी, जांभई, पाठीची कमान, म्हणजे ते ‘आता पुरे’ म्हणतंय. कामं एकत्र उरकून मध्ये एक-दीड तास निजू द्या, गुंडाळलेल्या चादरींचं घरटं करा, वॉर्मरवर ट्रे आपटू नका.

आता आईचं दूध. सिझर झालेली एक बाई, पुसदकडच्या खेड्यातली, तिसऱ्या दिवशी बाटलीत जेमतेम पाच मिली घेऊन आली. ‘‘उतरतच नाही बाई माह्यं दूध.’’ पोरीनं लिहिलं: ‘अपुरं दूध, आईच्या चिंतेमुळं’. चिंता तर होतीच. मी तिच्याजवळ बसले आणि रात्री किती वेळा काढलं ते विचारलं. एकदाही नाही. का? ती पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात खाली, एसएनसीयू वर. जिना टाक्यांवर चढवत नाही. नवरा आणि सासू गावी, वेचणी सुरू. ‘‘कापूस पडून हाये वावरात, त्याइले कसं थांबवू?’’ रात्री तिला वर आणायला कोणी नाही, खाली काढलं तर वाटी उकळून द्यायला कोणी नाही.

मग ओळ अशी झाली: ‘आईचं दूध अपुरं, रात्री दूध काढलं न गेल्यामुळं आणि वर यायला सोबत नसल्यामुळं, २४ तासांत तीनदाच काढलं, एकूण १८ मिली.’ चिंतेवर मी काय उपाय करणार होते, समजावलं असतं आणि निघून आले असते. सोबतीवर उपाय होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई रात्रभर जागीच असायची, तिला विचारलं. मावशींना सांगून व्हीलचेअर ठरवली. दिवसरात्र मिळून आठदा काढायचं ठरलं, मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा धरून, आणि काढायच्या आधी पाच मिनिटं बाळाला हात लावून यायचं. दोन दिवसांत बाटली अर्धी भरायला लागली. सगळ्यांची भरतेच असं नाही. पण तीनदा काढून ‘उतरत नाही’ म्हणणं आणि आठदा काढून म्हणणं यात फरक आहे.

जेवणाचंही विचारत जा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, गाडी सगळं मोफत. आईचं जेवण मात्र सिझर असेल तर सात दिवसांपर्यंतचं. बाळ तर तीन-चार आठवडे राहतं. आठव्या दिवसापासून ती काय खाते, हे तुमच्या ‘अपुरं दूध’च्या निदानात आलंच पाहिजे. चहा-बिस्किटावर असलेल्या किती बाया मी पाहिल्यात.

एकाच बाळाची पाच निदानं झाली तर पहिलं कोणतं? ट्रेनिंगला टीएबीसी शिकवतात, म्हणजे टेंपरेचर, एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन. अर्थात डोळ्यांसमोर श्वास थांबला असेल तर थर्मामीटर शोधत बसू नका. बाकी वेळी उबेकडं आधी पाहायची सवय लावा. आईबापाच्या जवळिकीचं निदान नेहमी शेवटी पडतं आणि पान संपल्यामुळं राहूनच जातं. मी ते मुद्दाम दुसऱ्या नंबरवर घेते, कारण त्याच्या उपायात उबेचं, श्वासाचं आणि दुधाचं अशी तिन्ही निदानं सुटतात. कांगारू केअर. १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटातल्या डॉक्टरांनी उबेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधली. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास करा म्हणते. छातीशी लावलेलं बाळ गार होत नाही, श्वास कमी वेळा थांबतो, दूध वाढतं.

बाप काचेबाहेर उभा असतो. एकाला म्हटलं शर्ट काढून बसा, तर तो दाराकडं सरकला. ‘‘म्या कायले? बायकाइचं काम हाये थे.’’ त्याची आई पलीकडून म्हणाली, ‘‘आठव्यातलं हाये बाई, सातव्यातलं असतं तं जगलं असतं.’’ हे तर रोजचंच ऐकणं. तिला सांगितलं, आजी, उलटं आहे; एक महिना जास्त म्हणजे तेवढं जास्त पक्कं. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण तिनं स्वतःच्या लुगड्याचा मऊ तुकडा आणून दिला आणि पोराला म्हणाली, ‘‘बस ना बे!’’ दोन तास तो हललासुद्धा नाही. त्या दिवशी वहीत ‘जवळिकीत खंड पडण्याचा धोका’ समोर मी लिहिलं: बाप, सकाळी ११ ते १, बाळाचं तापमान ३६.९, एकही ॲप्निया नाही.

सुट्टीच्या वेळचं निदान पोरी ‘डेफिशियंट नॉलेज’ असं लिहून टाकतात. कुणाचं अज्ञान? ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या खाली जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा चौथ्या आठवड्यात तपासावा लागतो; २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. तारीख चुकली तर दृष्टी जाऊ शकते, आणि बाहेरून डोळा ठणठणीत दिसतो. आम्ही कार्डावर तारीख लिहून देतो. ऑगस्टमध्ये एकीला दिली, तिनं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि ब्लाउजात ठेवलं. मी थांबवलं. ‘‘कधी यायचं सांग बरं?’’ ती गप्प. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. पोळा कधी, तान्हा पोळा कधी, तिथून बोटं मोजली.

‘‘म्हंजे तान्ह्या पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी,’’ ती म्हणाली. ‘‘असं सांगा ना मंग.’’

कार्डावर तारखेच्या खाली मी तसंच लिहिलं. आशाताईला फोन करून तेच सांगितलं. त्या दिवशी ओपीडी उघडायच्या आधी ती बाहेरच्या बाकड्यावर बसलेली होती, बाळ लुगड्याच्या आत.